फौजेतून घरी येताना: एका जन्मतारखेपासून सुरू झालेले कागद

३१ जुलै २०२४ रोजी मी मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनीत निघालो. २४ वर्षं भरली. तेव्हापासून अमळनेर, पारोळा, चोपडा भागातल्या फौजी पोरांचे फोन येतात, "दादा, पेन्शनले काय काय कागद लागतस?" प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांनी सांगतो आणि फोन ठेवल्यावर आठवतं की महत्त्वाचं राहूनच गेलं. म्हणून सगळं क्रमाने लिहून काढतोय. घरातल्या गोष्टीही लिहितोय, त्या मंडळीला, म्हणजे बायकोला, विचारून. ती म्हणाली, लिहा, पण खरं लिहा.

भरती झालो तेव्हा १८ वर्षांचा होतो. आदल्या वर्षी कारगिल झालं होतं. टीव्हीसमोर अख्खी गल्ली बसायची. द्रास, तोलोलिंग, टायगर हिल ही नावं आम्हा पोरांना बोरी-पांझरेसारखी तोंडपाठ झाली होती. देशासाठी जायचं हे मनात खरंच होतं, आजही आहे. त्याच्या जोडीला अडीच एकर कोरडवाहू कापूस होता, आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, डोक्यावर सोसायटीचं कर्ज होतं आणि दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. भरतीच्या मैदानावर छाती ७७ सेंटीमीटर भरावी लागते आणि फुगवून ५ वाढावी लागते. त्या छातीत ही दोन्ही कारणं होती, आणि एकामुळे दुसरं खोटं ठरतं असं मला कधी वाटलं नाही. निघताना माय एवढंच म्हणाली, "जाय बेटा, पन कागद धाडत ऱ्हाय."

बेळगावला ट्रेनिंग झालं. कसम परेडला जमीन, पाणी, हवा, जिथे धाडाल तिथे जाईन अशी शपथ घेतली. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला, ऑपरेशन पराक्रम सुरू झालं आणि मी राजस्थानच्या वाळूत जाऊन पडलो, जवळजवळ दहा महिने. घरची पत्रं ५६ एपीओच्या, म्हणजे फौजेच्या टपाल कार्यालयाच्या, पत्त्यावर यायची. आबांना तो पत्ता म्हणजे एखादं गावच वाटायचं. "छप्पन एपीओले पाऊस पडना का?" असं त्यांनी एकदा लिहवून घेतलं होतं.

मे २००५ मध्ये लग्न झालं. पंधराव्या दिवशी परत निघालो. युनिटला पोचल्यावर लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या रेकॉर्डला नोंद, करण्यासाठी फॉर्म भरायला बसलो. बायकोचं पूर्ण नाव लिहिलं, त्यापुढे मानाने 'बाई' लावलं. जन्मतारखेच्या रकान्यापाशी थांबलो. मला माहीत नव्हती. विचारायला घरी फोन नव्हता, गावातल्या एसटीडी बूथवर निरोप द्यावा लागायचा. आमच्याकडे शाळेत घातलेल्या निम्म्या पोरांची तारीख १ जून असते. मीही १ जून १९८५ लिहून मोकळा झालो. पुढचं सगळं या ओळीने सुरू होतं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

मधली वर्षं भराभर सांगतो. पूंछ, राजौरी, आसाम, दोनदा लडाख. २००७ मध्ये मुलगी, २०११ मध्ये मुलगा. दोन्ही वेळा मी पोचलो ते नाव ठेवून झाल्यावर. २४ वर्षांत मंडळी माझ्याजवळ क्वार्टरमध्ये राहिली ती सगळी मिळून साडेतीन वर्षं. आबा थकले, शेत पडीक राहू लागलं, तेव्हा ती पोरांना घेऊन गावी परतली.

एकदा आमच्या कंपनीतल्या एका जवानाचं पार्थिव घेऊन त्याच्या गावी गेलो होतो. तिरंगा घडी करून त्याच्या बायकोच्या हातात देताना तिने मला विचारलं, "ते जेवले होते का हो त्या दिवशी?" मी हो म्हणालो. खरंच जेवला होता तो. त्यानंतर पुढचे चार-पाच महिने घरी फोन केला की मी पहिल्यांदा सांगायचो, जेवलोय.

एप्रिल २०२१ मध्ये आबा कोरोनाने गेले. मी लडाखला उंचावरच्या पोस्टवर होतो. निरोप दुसऱ्या दिवशी पोचला. खाली उतरणं, तपासणी, विमान, रेल्वे करत गावी पोचलो ते तेराव्याच्या सकाळी. अग्नी चुलतभावाने दिला होता. मंडळीने दवाखान्यात सहा रात्री काढल्या होत्या, ऑक्सिजनसाठी धुळे-जळगाव एक केलं होतं. मी आलो तेव्हा ती रडली नाही. तिने बिलांची पिशवी पुढे ठेवली, सगळं दाखवलं, आणि झोपली. चौदा तास झोपली.

ऑगस्ट २०२३. पंजाबातल्या एका छावणीत होतो. पुढच्या वर्षी निघणाऱ्यांची यादी आली, त्यात माझं नाव. क्लार्कने शीट रोल, म्हणजे माझ्या नोकरीच्या नोंदींचा कागद, आणि घरच्यांची आधार कार्डं शेजारी ठेवली आणि विचारलं, "हवालदार साब, भाभीजी का जन्मदिन कब है?"

"एक जून."

"आधार पे तो २३ अक्तूबर १९८६ है."

नावातही फरक निघाला, रेकॉर्डला 'बाई' आणि आधारवर नुसतं नाव. मुलाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं. आता पेन्शन 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीतून प्रयागराजहून मंजूर होते. तिथे रेकॉर्ड, आधार, पॅन आणि बँक यांत अक्षर न् अक्षर जुळलं नाही की गाडी अडते. माझी पेन्शन कदाचित निघालीही असती, पण उद्या माझ्यामागे फॅमिली पेन्शन मागायला ती गेली असती तर कागदावर ती दुसरीच बाई ठरली असती. त्या रात्री झोप आली नाही. चूक माझ्याच हाताची होती.

ज्यांना निघायला दोन-तीन वर्षं आहेत त्यांनी ही सुट्टी संपायच्या आत एवढं करा. शीट रोल आणि किंड्रेड रोल (घरच्यांच्या नोंदी) यांची नक्कल मागून घ्या, घरी जमिनीवर सगळे कागद पसरा आणि बायको, मुलं, आईवडील यांची नावं व तारखा एकेक करून ताडून बघा. एक दुपार पुरते.

सप्टेंबर २०२३ मध्ये २० दिवसांची सुट्टी घेऊन घरी आलो. तारखेच्या दुरुस्तीला शाळा सोडल्याचा दाखला लागणार होता. मंडळीचं माहेर साक्री तालुक्यात. सकाळी सहाला मोटारसायकलवर निघालो, धुळ्यावरून. आम्ही दोघंच असे शेवटचे कधी कुठे निघालो होतो ते मला आठवेना. तिला आठवत होतं: २०१३ मध्ये, मुलाच्या टायफॉइडच्या वेळी, धुळ्याच्याच दवाखान्यात.

शाळेतल्या बाबूंनी जनरल रजिस्टर काढलं. पानं पिवळी पडली होती. तिने स्वतःच बोट ठेवून आपली ओळ शोधली. २३ ऑक्टोबर १९८६. दहावी मार्च २००२, ७१ टक्के. दाखला कोणी नेलाच नव्हता. २१ वर्षं न्यायला कोणी आलं नाही, कारण पुढे कुठल्या शाळेत तो द्यायचाच नव्हता. बाबूंनी लिहायला अर्धा तास घेतला, मुख्याध्यापकांनी सही-शिक्का दिला. तिने दाखला दोन्ही हातांत धरून वाचला, मग पिशवीत साडीच्या घडीत ठेवला.

परतताना धुळ्यात शेवभाजी-भाकरी खायला थांबलो. तिथे ती म्हणाली, "मला डी.एड. करायचं होतं."

"कधी बोलली नाहीस."

"कधी बोलणार? तुमचा फोन तीन मिनिटांचा. त्यात आबांचं औषध सांगू, युरियाचा भाव सांगू, का हे?"

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. खरं तर तिचा वाढदिवस कधी असतो हे मी १८ वर्षांत विचारलं नव्हतं, हेही त्या दिवशी दोघांच्या मध्ये होतंच.

कागदांचं उरलेलं काम अमळनेरला झालं. १०० रुपयांच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्रं तीन, नोटरी, दोघांचा एकत्र फोटो, झेरॉक्स, मुलाच्या आधारची दुरुस्ती, असं सगळं मिळून १,८५० रुपये आणि सहा फेऱ्या. एक गोष्ट लक्षात ठेवा: मूळ कागद कुठेही सोडू नका, सगळीकडे साक्षांकित प्रत द्या. एका ठिकाणी मूळ दाखला ठेवून घेत होते. मंडळी खिडकीतून हललीच नाही. "प्रत घ्या, मूळ बघून परत द्या," असं चार वेळा म्हणाली आणि घेऊनच आली. दुरुस्तीची पार्ट टू ऑर्डर जानेवारी २०२४ मध्ये निघाली. चार महिने. दर सोमवारी क्लार्ककडे जाऊन विचारायचो.

मार्चमध्ये रिलीज मेडिकल बोर्ड झालं, मिलिटरी हॉस्पिटलमध्ये. इथे आपली पोरं सर्वांत जास्त चुकतात. २४ वर्षं "सब ठीक है साब" म्हणायची सवय लागलेली असते, तसंच डॉक्टरसमोर म्हणतात. माझा डावा कान फायरिंगनंतर मंद झालाय आणि गुडघा थंडीत धरतो. दोन्ही सांगितलं, जुने सिक रिपोर्ट दाखवले. बोर्डावर नोंद झाली. मदत मागणं हा कमीपणा नाही. नोंद नसेल तर पाच वर्षांनी सांगून कोणी ऐकत नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात बेळगावला सेंटरमध्ये पेन्शन ड्रिलसाठी हजर झालो. ज्या मैदानावर २००० मध्ये डोक्यावरचे केस काढून पळालो होतो त्याच मैदानाच्या कडेने नवीन पोरं पळत होती, आता अग्निवीर. रोज एक खिडकी, एक फॉर्म. किट जमा, नो ड्यूज, एएफपीपी फंड (फौजेचा भविष्य निर्वाह निधी), ग्रुप इन्शुरन्स, शिल्लक सुट्टीचा पगार, नॉमिनेशन. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची दवाखान्याची योजना, तिची वर्गणी हवालदारापर्यंत ३०,००० रुपये. ती एकदाच भरायची, पुढे दोघांना आयुष्यभर.

डोकं चालवावं लागतं ते कम्युटेशनला. मूळ पेन्शनचा निम्म्यापर्यंत भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात. मग दर महिन्याची पेन्शन तेवढी कमी येते आणि १५ वर्षांनी पूर्ववत होते. महागाई भत्ता मात्र पूर्ण मूळ पेन्शनवर मिळत राहतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मी मंडळीला फोन केला. या वेळी तीन मिनिटं नाही, तासभर. तिने वहीत आकडे मांडले: मुलीचं कॉलेज, विहिरीचं खोलीकरण, सोसायटी. तिच्या हिशोबाने घेतलं तर पूर्ण घ्यायचं आणि त्यातलं अर्धं पोस्टात अडकवायचं. तसंच केलं. खातं दोघांच्या नावे हवं, एक गेलं तरी दुसऱ्याला चालवता येईल असं.

निघायच्या आदल्या रात्री बडाखाना, म्हणजे सगळ्यांचं एकत्र जेवण, झालं. ३१ तारखेला डिस्चार्ज बुक हातात आलं. त्यात तिची तारीख बघितली. २३ ऑक्टोबर. गेटबाहेर पडल्यावर पहाऱ्यावरच्या संत्रीने सवयीने "जय हिंद, उस्ताद" म्हटलं आणि माझा हात वर गेला, पण अंगावर साधा शर्ट होता. बेळगाव ते पुणे अख्खा प्रवास मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो.

२ ऑगस्टला घरी. ११ ऑगस्टला कानबाई होती. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते आणि तिच्यासाठी रोट, म्हणजे प्रसादाच्या गव्हाच्या पोळ्या, करतात. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेतात. मी नसताना माझ्या नावाची मूठ माय भरायची. आबा गेल्यावरही तिने तीन वर्षं माझी मूठ भरली. या वेळी ती म्हणाली, "तुना हातनी भर." मी भरली. माझी मूठ तिच्यापेक्षा मोठी, त्यामुळे रोट जास्त झाले, आणि रोट भाऊबंदकीबाहेर द्यायचे नसतात, घरातच संपवायचे असतात. दोन दिवस सगळे तेच खात होतो.

ते दिवस सोडले तर पहिले दोन महिने घरात फार अवघड गेले. मी पहाटे साडेचारला उठायचो, सगळ्यांना उठवायचो. मुलाला चादरीची चौकोनी घडी घालायला लावायचो. गॅसचं पुस्तक कुठे, स्टार्टरचा कोणता फेज जातो, दूध कोणाकडून येतं, मला काही माहीत नव्हतं, तरी मी प्रत्येक गोष्टीत हुकूम सोडायचो. मुलगी माझ्यासमोर बोलायचीच नाही, मी खोलीत आलो की पुस्तक घेऊन आजीजवळ जायची. एका संध्याकाळी मुलावर ओरडलो, तर तो आईकडे बघून म्हणाला, "आई, पप्पांची सुट्टी कधी संपते?" त्याला अजून कळलंच नव्हतं की मी कायमचा आलोय. त्याचा राग नाही आला. मी ओट्यावर जाऊन बसलो.

त्याच आठवड्यात रात्रीची वीज होती. शेतीला आमच्याकडे एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असा पुरवठा येतो. पाऊस ताणला होता, कापसाला पाणी देणं भाग होतं. दीड वाजता मंडळी उठली, काठी घेतली, निघाली. मीही मागे गेलो. बांधावरून ती अंधारात अशी चालत होती की टॉर्च फक्त माझ्यासाठी लावत होती. विहिरीजवळ एका दगडापाशी थांबून म्हणाली, "इथून जरा लांबून या, इथे परडं असतं." परडं म्हणजे घोणस. मी विचारलं, किती वर्षं येतेस अशी? "आबांचे गुडघे गेले तेव्हापासून." ते २०१४. दहा वर्षं ती रात्री घोणशीच्या बाजूने एकटी मोटर सुरू करायला जात होती आणि फोनवर मला म्हणत होती, इकडे सगळं ठीक आहे. "सांगितलं असतं तर तुम्ही तिथे बंदूक घेऊन उभं राहून काय केलं असतं?" ती सहज म्हणाली. मोटर चालू झाली, आम्ही पाण्याच्या पाटावर बसून राहिलो. पूंछच्या रात्रींबद्दल मी तिला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. पहाट होईपर्यंत सांगत होतो. दुसऱ्या दिवसापासून रात्रीची पाळी माझी, आणि साडेचारला कोणाला उठवणं बंद.

पैशांचं थोडं. पहिली पेन्शन ऑगस्टअखेर आली, एकरकमी रकमा पुढच्या काही आठवड्यांत वेगवेगळ्या दिवशी आल्या. प्रत्येक रक्कम कसली ते वहीत लिहा, नाहीतर ताळा लागत नाही. बातमी गावात आपोआप पसरते. प्लॉट, पैसे दुप्पट, हातउसने, सगळे घरी येतात. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं की सहा महिने काही करणार नाही. दोन नातेवाईक रुसले, एकाशी अजून बोलणं नाही. त्याचं वाईट वाटतं.

सप्टेंबरमध्ये जळगावला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी केली आणि माजी सैनिकाच्या ओळखपत्राचा अर्ज दिला. डिस्चार्ज बुक, पेन्शन आदेश, फोटो, आधार, सगळ्याच्या दोन-दोन प्रती न्या. राज्याच्या गट क आणि गट ड भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के आरक्षण आहे, मुलांसाठी शिष्यवृत्ती आणि वसतिगृह आहे. पण नोंदणीशिवाय यातलं काही मिळत नाही. पहाटेच्या एसटीने गेलो तर एका दिवसात होतं.

मायचं ईसीएचएस कार्ड जास्त रेंगाळलं. आईवडिलांचं उत्पन्न महिन्याला ९,००० रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता यापेक्षा कमी असेल तरच ते अवलंबित धरतात. आबांनंतर सातबाऱ्यावर तिचं नाव लागलेलं. तलाठ्याचा अहवाल, सेतूत अर्ज, मग तहसीलचा उत्पन्नाचा दाखला. तलाठी भेटायला चार फेऱ्या, मग अर्जात एक अक्षर चुकलं म्हणून पुन्हा. कार्ड हातात यायला फेब्रुवारी २०२५ उजाडला. मायच्या डोळ्याचं ऑपरेशन तोवर थांबवलं होतं. आता झालंय, सुईत दोरा स्वतः ओवते.

२३ ऑक्टोबरला काय करायचं हे मला कळत नव्हतं. केक आणला तर तिला अवघडेल असं वाटलं. मुलीला विचारलं. आमचं दोघांचं पहिलं लांबलचक बोलणं ते. ती म्हणाली, आईला वही लागते, हिशोबाची जुनी भरलीय. अमळनेरला जाऊन जाड पुठ्ठ्याची वही आणली. मंडळीने ती घेतली, पहिल्या पानावर तारीख घातली आणि खाली लिहिलं: वही, ९० रुपये.

मुलगी २०२५ मध्ये बारावी झाली, आर्ट्सने. तिची पुस्तकं रद्दीत द्यायची नाहीत असं मंडळीने बजावलं. मला आधी कळलं नाही. जुलैमध्ये एका रात्री, मोटरीवर बसलो असताना, म्हणाली की १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसता येतं, आपल्या गल्लीतली एक जण बसली होती. मी म्हटलं भर. तिला फीची आणि लोक काय म्हणतील याची काळजी होती. मला फक्त कागदांची. फॉर्मसोबत शाळा सोडल्याचा मूळ दाखला जोडावा लागतो.

सकाळी तिने कपाट उघडलं आणि साडीच्या घडीतून तो काढला.